उपकार फेडणें राहूं द्या, नांव तरी घ्या!

आमच्या खानदेशांत मयत झाली म्हणजे अख्खें गांव हातचीं कामें टाकून येतें. कपाशीची वेचणी चालू असो कीं केळीची कापणी चालू असो, खांदा द्यावयास माणसें कमी पडूं देत नाहींत. आणि तेराव्यापर्यंत घरच्या बाया एक हिशेब मनांत ठेवतात : कोण आलें, कोण आलें नाहीं. ज्याच्या पेरणीला आपण आपला बैल सोडून दिला होता तो दारीं आला नाहीं, हें त्या घरांत दहा वर्षें कोणी विसरत नाहीं. असाच एक हिशेब आज आम्ही एका निराळ्या मयतीबद्दल मांडणार आहों. तो मांडतांना न आलेल्यांच्या यादींत पहिलें नांव आपलेंच निघतें, हें वाचकांनीं आरंभींच समजून असावें.

तारीख २७ नोव्हेंबर २००८ रोजीं देशाचे माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग हे दिल्ली येथें वारले. वय ७७ होतें. रक्ताचा कर्करोग व निकामी झालेलीं मूत्रपिंडें यांशीं कित्येक वर्षें झुंज चालली होती. आदल्याच रात्रीं समुद्रमार्गें आलेल्या दहा हल्लेखोरांनीं मुंबईवर हल्ला केला होता. ताज हॉटेल पेटलें होतें, छत्रपति शिवाजी टर्मिनसच्या फरशीवर गोरगरीब उतारू मरून पडले होते. अशा वेळीं एका म्हाताऱ्या माजी पंतप्रधानाच्या मरणाची बातमी कोण वाचतो? ती पानाच्या कोपऱ्यांत गेली. तारीख २९ रोजीं सकाळीं ताजमधील शेवटचे हल्लेखोर मारले गेले, आणि त्याच दिवशीं प्रयागला गंगेच्या कांठीं सिंगांच्या चितेला त्यांच्या मुलानें अग्नि दिला. देशाचे डोळे मुंबईकडे लागलेले होते.

त्या तीन दिवसांबद्दल आमची कोणावरही तक्रार नाहीं. जे मेले ते आपलेच होते. गिरगांव चौपाटीवर हातांत केवळ काठी असतां कसाबची बंदूक धरून ठेवणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे. त्यांच्यासाठीं जें रडणें झालें तें योग्यच झालें. एका मरणाचें दुःख दुसऱ्या मरणाच्या तराजूंत घालावें असें आम्ही म्हणत नाहीं.

तक्रार आहे ती पुढची. हल्ला तीन दिवसांत संपला. त्यानंतर वर्षांमागून वर्षें गेलीं. दर साल २७ नोव्हेंबर उजाडतो आणि मावळतो. आदल्या दिवशीं संविधानदिन होतो, दुसऱ्या दिवशीं महात्मा जोतीराव फुल्यांची पुण्यतिथि होते. मधला दिवस मात्र कोरडा जातो. मुंबईच्या हल्ल्यानें त्या एका आठवड्याचा खुलासा होतो. या इतक्या वर्षांच्या मौनाचा खुलासा त्यानें होत नाहीं.

कोणी म्हणेल, हा उत्तरेकडील ठाकूर, मांडा संस्थानाच्या गादीवर दत्तक गेलेला राजा. हा आमच्या कुळंब्या-माळ्यांचा, सुतार-लोहारांचा कोण लागतो? तर ऐका.

सन १९७९ मध्यें मोरारजी देसाई यांच्या सरकारानें बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या अध्यक्षतेखालीं मागासलेल्या वर्गांचा आयोग नेमला. आयोगानें १९८० च्या अखेरीस आपला अहवाल दिला. मागासवर्ग लोकसंख्येंत शेंकडा ५२ आहेत असा त्याचा अंदाज होता. पण सर्व राखीव जागा मिळून निम्म्याच्या वर जाऊं नयेत म्हणून त्यानें शेंकडा २७ च मागितल्या. तो अहवाल दिल्लीच्या कपाटांत दहा वर्षें धूळ खात पडला. इंदिराबाई आल्या आणि गेल्या, राजीव गांधी आले आणि गेले, कपाट कोणीं उघडलें नाहीं. तें ७ ऑगस्ट १९९० रोजीं सिंगांनीं उघडलें व केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत शेंकडा २७ जागा राखून ठेविल्याचें लोकसभेंत जाहीर केलें. करवीरच्या शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्यांसाठीं निम्म्या जागांचा हुकूम काढला, त्यास तेव्हां ८८ वर्षें झालीं होतीं.

मग काय झालें? उत्तर हिंदुस्थानांत शहरें पेटलीं. तरुण पोरांनीं अंगावर रॉकेल ओतून घेतलें. त्या पोरांची आम्हांस आजही कींव येते. पण दुसरेंही एक दृश्य होतें, तें कारागिरांच्या घरांनीं विसरूं नये. कॉलेजांतील विद्यार्थी रस्त्यावर बसून लोकांचे बूट पुसूं लागले, हातांत झाडू घेऊन रस्ते झाडूं लागले. त्यांस म्हणावयाचें होतें कीं, राखीव जागा आल्या तर आमच्या नशिबीं हींच कामें येतील! म्हणजे ज्या कामावर आपल्या बापजाद्यांनीं पोट भरलें, तें काम त्यांच्या लेखीं मरणाहून वाईट. आणि तें पिढ्यान्‌पिढ्या आपणच करावें यांत मात्र त्यांस कांहीं गैर दिसत नव्हतें. शहरांतील बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांनीं सिंगांस देश फोडणारा ठरविलें. १ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हुकुमास स्थगिति दिली. ७ नोव्हेंबर रोजीं, म्हणजे बरोबर तीन महिन्यांनीं, लोकसभेंत विश्वासाचा ठराव हरून सरकार पडलें. पुढें १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं त्याच न्यायालयानें शेंकडा २७ जागा कायम केल्या, पुढारलेल्या घरांस त्यांतून वगळलें, व ८ सप्टेंबर १९९३ च्या हुकुमानें त्या अंमलांत आल्या. झाड लावणारा निघून गेल्यावर फळ लागलें, तें असें.

त्याच राज्यांत आणखी कामें झालीं. १९९० सालीं दहा हजार रुपयांपर्यंतच्या बँक कर्जाची माफी झाली, आणि तींत शेतकऱ्याबरोबर कारागीर व विणकर हेही धरले होते. कर्जमाफींत सुतार-कुंभाराची आठवण ठेवणारें सरकार आपण किती वेळां पाहिलें? त्याच वर्षीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस भारतरत्न मिळालें, आणि बौद्ध झालेल्या आमच्या बांधवांस अनुसूचित जातींच्या सवलती देणारा कायदा झाला. आपलें शेंकडा २७ आणि त्यांचा हा हक्क एकाच सालचे, एकाच सरकारचे आहेत. गांवांत या दोन वस्त्यांमध्यें भिंत उभी करणारांस ही गोष्ट सांगावी.

आतां खानदेशाकडे पहा. जळगांवच्या विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची, म्हणजे सिंगांच्या घोषणेनंतर अवघ्या आठ दिवसांची. जळगांव-धुळ्याच्या पोरांस पदवीसाठीं पुण्याच्या विद्यापीठाकडे पहावें लागे, तें संपलें. २०१८ पासून त्या विद्यापीठास आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. एकीकडे शिकण्याचें दार जवळ आलें, दुसरीकडे नोकरीचें दार उघडलें. भुसावळची रेल्वे, भुसावळ व वरणगांव येथील शस्त्रांचे कारखाने, पोस्ट, आयुर्विमा, सरकारी बँका, हीं सारीं केंद्र सरकारचीं दारें. १९९३ नंतर त्या दारांतून माळी, तेली, शिंपी, लोहार, कुंभार, न्हावी यांचीं पोरें आपल्या हक्कानें आंत गेलीं. त्यांच्या घरांत जाऊन विचारा कीं, हें कोणामुळें झालें? कोणी देवाचें नांव सांगेल, कोणी साहेबाचें, कोणी गांवच्या पुढाऱ्याचें. विश्वनाथ प्रताप सिंगांचें नांव शंभरांत किती घरें सांगतील, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

हें असें कां झालें? आमच्या मतें कारणें तीन आहेत. पहिलें, त्यांचा वारस कोणी उरला नाहीं. त्यांचा जनता दल फुटून तुकडे झाले. काँग्रेसनें अहवाल कपाटांत ठेवला होता, भाजपनें सरकारचा पाठिंबा काढला होता. आज मागासवर्गांचीं मतें दोघांसही हवींत, पण तो जुना हिशेब निघालेला कोणासही नको. दुसरें, ज्यांनीं त्यांस शिव्या दिल्या त्यांच्याच हातीं छापखाने होते, आणि आपण त्यांचेंच लिहिलेलें वाचून आपलें मत बनविलें. आपल्या हिताच्या माणसाची निंदा आपणच चहाच्या टपरीवर बसून केली. तिसरें, आणि हें आम्हांस अधिक लागतें, आपल्यांतील जे शिकून वर गेले त्यांस राखीव जागेचें नांव काढावयाची लाज वाटूं लागली. मग ती ज्यानें दिली त्याचें नांव ते कसें घेणार? या तिन्हींत पहिल्या दोहोंचा दोष दुसऱ्यांवर टाकतां येईल. तिसरा आपलाच आहे, व त्यांत आमच्यासारखे लिहिणारेही आले.

परदेशांत काय चालतें तें पहा. आयर्लंड हा आपल्यासारखाच इंग्रजांच्या अमलाखालीं पिचलेला शेतकऱ्यांचा देश. तेथील माजी पंतप्रधान चार्ल्स हॉही १३ जून २००६ रोजीं वारले. धनाढ्य व्यापाऱ्याकडून त्यांनीं गुपचूप पैसे घेतल्याचें १९९७ च्या चौकशींत बाहेर आलें होतें. १९६७ सालीं अर्थमंत्री असतांना त्यांनीं म्हाताऱ्या माणसांस आगगाडी व बसचा प्रवास फुकट केला होता, हेंही तितकेंच खरें. सरकारी इतमामानें अंत्यविधि झाला आणि लोकांनीं दोन्ही गोष्टी बोलून दाखविल्या. एक म्हणे यानें देशास काळिमा लावला, दुसरा म्हणे माझी आई याच्या पासावर लेकीला भेटावयास जात असे. दुसरे माजी पंतप्रधान गॅरेट फिट्झजेरल्ड १९ मे २०११ रोजीं वारले, तेव्हां इंग्लंडची राणी त्या देशांत आलेली होती. १९११ नंतर शंभर वर्षांनीं इंग्लंडचें राजमुकुट तेथें आलें होतें, म्हणजे बातमी लहान नव्हे. तरी फिट्झजेरल्डांचें मरण त्या गडबडींत बुडालें नाहीं. तीन दिवसांनीं त्यांसही सरकारी इतमाम मिळाला. मोठी बातमी आली म्हणजे दुसरें मरण झांकलेंच पाहिजे असा नियम नाहीं. मागें बोलणारे लोक असले म्हणजे तें झांकलें जात नाहीं.

आणि आयर्लंडपर्यंत तरी कशास जा? मद्रासकडे पहा. चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत २७ नोव्हेंबर २०२३ रोजीं मुख्यमंत्री स्टॅलिन यांनीं सिंगांचा पुतळा उघडला. तेथील ब्राह्मणेतर चळवळ विसाव्या शतकांतली. आमचा सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ चा. आम्ही वडील, आणि उपकाराची आठवण धाकट्यानें ठेवली!

सिंग हे देव होते असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही कोणासच देव मानीत नाहीं. देवीलाल यांच्याशीं वांकडें आल्यावर मागासवर्गांस आपल्याकडे ओढण्यासाठीं त्यांनीं घाईनें ही घोषणा केली, असा आक्षेप घेतात. त्यांत तथ्य असेल. लोकांची समजूत घालण्याची तयारी आधीं केली नाहीं, हाही दोष खरा. पण विहीर खणणाऱ्यानें ती मतांसाठीं खणली कीं पुण्यासाठीं, हा वाद पाणी पिणाऱ्यानें पाणी पिऊन झाल्यावर करावा, आणि करतांना पाणी प्यालों हें कबूल करावें. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. या माणसाची खुर्ची गेली, तरी केलें तें चुकलें असें तो म्हणाला नाहीं. पुढें शरीर थकलें असतां २००६ सालीं दादरी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी कारखानदारासाठीं घेतल्या जात होत्या, तेव्हां तो त्यांच्या बाजूनें उभा राहिला.

आपल्याच धुळ्याचेंही एक उदाहरण आहे. १९७८ सालीं सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणारे, जात आणि वर्ग यांचा लढा एकत्र लढा म्हणून आयुष्यभर सांगणारे कॉ. शरद पाटील १२ एप्रिल २०१४ रोजीं धुळ्यांत वारले. तेव्हां लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू होती. आपलीं माणसें नेहमीं गर्दीच्याच दिवशीं जातात, असें म्हणून चालणार नाहीं. गर्दी रोजचीच आहे. त्या गर्दींतून वाट काढून खांदा द्यावयास जावें लागतें.

तर करावें काय? वर्गणी नको, पुतळा नको, भटजी तर नकोच. येत्या २७ नोव्हेंबरला संध्याकाळीं, वेचणीहून घरीं आल्यावर, ज्या घरांत राखीव जागेवर कोणी शिकलें किंवा नोकरीस लागलें आहे, त्या घरानें आपल्या पोरांस जवळ बसवून एवढेंच सांगावें : अमुक सालीं अमुक हुकूम निघाला, तो काढणाऱ्याचें नांव हें, त्यासाठीं त्याची खुर्ची गेली ती अशी. दुसऱ्या दिवशीं जोतीरावांच्या पुण्यतिथीला शाळेंत त्या पोरानें तें उभें राहून सांगावें. यास एक पैसा लागत नाहीं.

हें केवळ उपकाराच्या आठवणीसाठीं नव्हे. सर्व जातींची शेवटची शिरगणती १९३१ सालची. सिंगांचा जन्मही त्याच सालचा. ३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें पुन्हां जातवार गणती करण्याचें जाहीर केलें. गणती झाली म्हणजे वांटणीचा वाद पुन्हां निघेल, पुन्हां गुणवत्तेच्या गोष्टी निघतील, पुन्हां बूट पुसण्याचीं सोंगें निघतील. त्या दिवशीं आपल्या पोरास आपला हक्क कोठून आला हें ठाऊक नसेल, तर तो भीक मागितल्यासारखा मान खालीं घालून उभा राहील. ज्यास ठाऊक असेल तो ताठ उभा राहील. गेलेल्या माणसाचें नांव घेण्यानें त्यास कांहीं मिळत नाहीं. मिळतें तें नांव घेणाऱ्यास. खानदेशांतील बंधुभगिनींनो, त्या मयतीला आपण गेलों नाहीं तें नाहींच. निदान दारावरून जातांना तरी तोंड फिरवूं नका.