जरा हळू बोला

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे टाइमटेबलमधला एक पिरियड. त्यामुळे लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पदरात घ्या. विषय मात्र भाषेचाच आहे.

गेल्या मे महिन्यात मी इटलीला गेले होते. माझी मावसबहीण मिलानोला शिकते, तिच्याकडे. जाण्याआधी फाउंटनच्या फुटपाथवर चाळीस रुपयांना एक जुनं, खिशात मावणारं इटालियन फ्रेजबुक मिळालं. रूममेट्सनी यथेच्छ टिंगल केली. "फोनमध्ये ट्रान्सलेटर असताना हे कशाला?" मी म्हटलं, असू दे.

ताईची परीक्षा होती म्हणून एक दिवस एकटीच बेर्गामोला निघाले. स्टेशनवर पोचेपर्यंत फोनची बॅटरी दोन टक्के. पुस्तक काढलं, वाक्य तीनदा मनात घोकलं आणि एका आजीबाईंना विचारलं, "स्कूझी, दोवे इल त्रेनो पेर बेर्गामो?" उच्चार बहुतेक फारच छान झाला असावा, कारण आजीबाई जी सुरू झाल्या ती थांबेचनात. मला एक अक्षर कळेना. फ्रेजबुकची हीच तर गोची आहे. ते प्रश्न विचारायला शिकवतं, उत्तर समजून घ्यायला नाही. घाईघाईत पानं उलटली आणि सापडलं, "पियू लेन्तामेन्ते, पेर फावोरे." जरा हळू बोला, प्लीज. आजी हसल्या, एकेक शब्द सुटा करून बोलल्या, बोटांवर प्लॅटफॉर्मचा नंबर दाखवला, आणि माझं तिकीट घेऊन स्वतः मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवला. तिकडे लोकल गाडीच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी असा शिक्का लागतो, नाहीतर दंड. माझ्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. अनोळखी माणसाशी बोलायचं प्रत्येक वाक्य त्या पुस्तकात 'तुम्ही'चं आहे. इटालियनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. गंमत म्हणजे 'तू'ला तिकडेही 'तू'च म्हणतात, आणि 'तुम्ही'ला 'लेई'. दहा दिवस मी तिकीटवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना लेई-लेई करत होते.

मग कर्जतला परतले. रात्रीची लोकल, हातात बॅगा, हॉस्टेलचं गेट बंद. तोंडातून निघालं, "ए मामा, गेट उघड ना!" आणि मीच चपापले. मामा माझ्या बाबांपेक्षा मोठे आहेत. जवळच्या वाडीवर राहतात. दोन वर्षं रोज दिसतात, पण त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, सख्ख्या मामालाही आपण तूच म्हणतो की!" बरोबर आहे. पण सख्ख्या मामाचं नाव आपल्याला माहीत असतं.

आपलं कॉलेज ठाकर आणि कातकरी वाड्यांच्या मधोमध आहे. खैराच्या झाडापासून काथ काढायचे म्हणून कातकरी. त्यांची स्वतःची बोली आहे, मराठीच्या नात्यातली पण वेगळी. आपण तिला 'अशुद्ध मराठी' म्हणून मोकळे होतो. गेल्या वर्षीच्या एनएसएस कॅम्पमध्ये आम्ही वाडीवर स्वच्छतेवर भाषण दिलं. एक आजी उठून काहीतरी बोलल्या. आम्हाला कळलं नाही, म्हणून आम्ही हसलो आणि टाळ्या वाजवल्या. त्या काय म्हणाल्या हे आजही आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. कदाचित तक्रार असेल. "जरा हळू सांगा" म्हणायला काय हरकत होती?

काहीजण म्हणतील, त्यांना मराठी येतं, मग आपण त्यांची बोली कशाला शिकायची? पण यातच मेख आहे. दवाखान्यात, शाळेत, कचेरीत, आपल्या गेटवर, भाषांतर करण्याचं काम कायम त्यांच्याच गळ्यात. आपण जागचे हलत नाही.

आणि हे अशक्य मुळीच नाही. १७७८ साली रोममध्ये पोर्तुगीज भाषेतून मराठीचं व्याकरण छापलं गेलं. १८०५ साली विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण काढलं आणि त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले. म्हणजे मराठीचं फ्रेजबुकच म्हणा ना. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो बाजूला ठेवू. पण समुद्रापलीकडच्या माणसांनी इथल्या लोकांशी बोलण्यासाठी एवढी खटपट केली, आणि आपल्याला कंपाउंडपलीकडची वाडी लांब वाटते.

ट्रेकर लोकांचं फ्रेजबुक तर दोनच वाक्यांचं असतं: "वाट कुठली?" आणि "पाणी मिळेल का?" खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाची वाट इर्शाळवाडीतून जायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. तेव्हा मी ॲडमिशनच्या धावपळीत होते. नंतर एक सीनियर म्हणाला, "चार वेळा गेलो होतो त्या वाटेने. पाणी प्यालो, चहा प्यालो. एकाचंही नाव विचारलं नव्हतं." त्याचं हे बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून एक सुचवते. यंदाच्या कॅम्पमध्ये भाषणं कमी करू आणि वाडीवर बसून आठ पानांची पुस्तिका तयार करू. अर्धी पानं त्यांच्या बोलीतली, आपल्यासाठी. अर्धी पानं त्यांना ज्या गोष्टी विचारायच्या असतील त्यांची: जातीचा दाखला, ओपीडी, स्कॉलरशिपचा फॉर्म. ज्यांनी शब्द सांगितले त्यांची नावं छापायची. सगळी वाक्यं 'तुम्ही'ची. पहिलं वाक्य, "तुमचं नाव काय?" शेवटचं, "जरा हळू सांगा, मला समजलं नाही."

उच्चार चुकतील, लोक हसतील. हसू देत. बेर्गामोच्या गाडीपाशी माझ्यावरही हसल्याच होत्या की आजीबाई.

गेटवरच्या मामांचं नाव मी आता विचारलंय. इथे लिहीत नाही. तुम्हीच विचारा.