भाकरी हक्काची की मेहेरबानीची?

अमेरिकेच्या इतिहासात पूर्वी कधीही न घडलेली गोष्ट १ नोव्हेंबर २०२५ रोजी घडली. अर्थसंकल्पावरून दोन पक्षांचे भांडण जुंपले होते. १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचे कामकाज ठप्प होते आणि त्या भांडणात सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांच्या अन्नाचे पैसे अडकले. आपल्याकडे ज्याला आजही लोक ‘फूड स्टॅम्प’ म्हणून ओळखतात, त्या योजनेचे नोव्हेंबरचे पैसे ठरल्या दिवशी जमा झाले नाहीत. तिजोरीत याच कामासाठी राखून ठेवलेला निधी होता. तो वापरण्यास सरकारने नकार दिला. ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रीय न्यायालयांनी ३१ ऑक्टोबरलाच सरकारच्या विरोधात कौल दिला, तरी सरकार वरच्या न्यायालयात धावले. जगातील सर्वांत श्रीमंत देशाचे सरकार गरिबाला या महिन्याचे अन्न देणे लांबवावे म्हणून न्यायालयाची पायरी चढले! १२ नोव्हेंबरला कामकाज सुरू झाले, तेव्हा कुठे हा प्रश्न मिटला.

आपल्या वाचकांपैकी काहीजण विचारतील की अमेरिकेतल्या गरिबांशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या ब्लॅक पँथरने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडमधील एका चर्चमध्ये गरीब मुलांना शाळेपूर्वी फुकट न्याहारी देण्यास सुरुवात केली होती. एफबीआयचा प्रमुख एडगर हूवर याला पँथरच्या बंदुकीइतकाच या न्याहारीचा धोका वाटला. उपाशी मुलाच्या ताटात अन्न वाढणारा माणूस त्या मुलाला मान ताठ करायलाही शिकवतो, हे सत्ताधाऱ्यांना नेहमीच कळत आले आहे.

फूड स्टॅम्पची सुरुवात गरिबांच्या कळवळ्यातून झाली नाही. मंदीच्या काळात शेतमाल पडून होता, त्याला गिऱ्हाईक नव्हते. म्हणून मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात ही योजना सुरू झाली. एक डॉलर भरून नारिंगी तिकिटे घेतली की पन्नास सेंटची निळी तिकिटे वर मिळत आणि निळ्या तिकिटांवर फक्त शिल्लक पडलेला माल घेता येई. म्हणजे पहिले हित मालाच्या मालकाचे, गरिबाचे पोट त्याच्या मागे. १९४३ मध्ये ती योजना बंद झाली आणि १९६४ च्या कायद्याने पुन्हा कायमची आली. पण त्यातही गरिबाला आधी रोख पैसे भरून तिकिटे विकत घ्यावी लागत. ज्याच्या हातात रोकडच नाही, त्याने काय करायचे? १९६७ साली सिनेटर रॉबर्ट केनेडी मिसिसिपीत गेले, तेव्हा त्यांना कापसाच्या मळ्यांवरील कृष्णवर्णीय कुटुंबांतली उपाशी मुले दिसली. गरिबांसाठी योजना होती आणि सर्वांत गरीब माणूस तिच्या दाराबाहेर उभा होता. पैसे भरण्याची ही अट १९७७ च्या कायद्याने काढली.

याच मिसिसिपी राज्यातील लेफ्लोर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, १९६२ साली जे घडले ते चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. तेथील कृष्णवर्णीय मतदार म्हणून नाव नोंदवू लागले. गोऱ्यांच्या ताब्यातील जिल्हा मंडळाने काय केले? केंद्र सरकारकडून येणारे फुकट धान्य वाटणेच बंद केले. तोंडावर हिवाळा, मळ्यावर काम नाही, आणि हजारो कुटुंबांचे पीठ-तांदूळ बंद! मत मागता काय, मग उपाशी मरा, असा त्याचा सरळ अर्थ होता. विद्यार्थी कार्यकर्त्यांनी देशभरातून धान्य गोळा करून तेथे पोहोचवले, तेव्हा लोक तगले. मतदार नोंदणी थांबली नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे काय? मुंबई इलाख्यात १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर स्वतः बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायला सुरुवात केली की गाव बहिष्कार घालतो, वाणी मीठमिरची देत नाही, शेतावरचे काम काढून घेतले जाते, हे त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले. म्हणूनच १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी विचारले की, ज्याला काम नाही त्याला मूलभूत हक्कांची किंमत काय? पोटासाठी दुसऱ्याच्या दारात उभा असलेला माणूस आपले हक्क गहाण टाकतो, हे त्यांनी ओळखले होते. ज्याच्या हाती भाकरी, त्याच्या हाती तुमचे मत, तुमची जीभ आणि तुमची मान असते. म्हणून अन्नाचा प्रश्न हा नुसता पोटाचा नाही, स्वातंत्र्याचा आहे.

धान्य बंद करणे हे उघड हत्यार झाले. दुसरे हत्यार बदनामीचे आहे, आणि ते अधिक धारदार आहे. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फिरत असताना शिकागोतील एका बाईची कथा सभेसभेत सांगत. ती ऐंशी नावे वापरून सरकारी मदत लाटते, असे ते म्हणत. पुढे अशा बाईला ‘वेल्फेअर क्वीन’ असे नाव रूढ झाले. फसवणूक करणारी एक बाई खरोखर होती, तिला शिक्षाही झाली. पण एका गुन्हेगाराची गोष्ट सांगून मदत घेणाऱ्या लाखो बायकांना चोर ठरवले गेले. रेगन यांनी रंगाचा उच्चार केला नाही, करण्याची गरजही नव्हती. ऐकणाऱ्या गोऱ्याच्या डोळ्यांपुढे काळीच बाई उभी राहत होती. आपल्याकडे ‘सरकारचे जावई’ म्हणताना कोणी जातीचे नाव घेतो काय? तरी प्रत्येकाला बरोबर समजते.

आता वस्तुस्थिती पाहू. २०२३ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे या मदतीवर जगणाऱ्यांत सुमारे ३९ टक्के लहान मुले आहेत आणि सुमारे २० टक्के साठीच्या पुढचे वृद्ध आहेत. सर्वांत मोठा गट गोऱ्यांचा आहे, सुमारे ३५ टक्के. कृष्णवर्णीय सुमारे २६ टक्के आहेत. लोकसंख्येच्या मानाने ते जास्त भरतात हे खरे, कारण दारिद्र्यही त्यांच्याच वाट्याला जास्त आले. मदत किती? माणशी दिवसाला सरासरी सहा डॉलरच्या आसपास. आणि हे लोक आळशी आहेत काय? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात फूड स्टॅम्प घेणाऱ्या नोकरदारांपैकी सुमारे ७० टक्के लोक पूर्णवेळ काम करणारे निघाले. तपासलेल्या राज्यांत त्यांच्या मालकांच्या यादीत वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स वरच्या क्रमांकावर होते. कंपनीने पोटापुरता पगार द्यायचा नाही, उरलेले पोट सरकारने भरायचे, आणि तेच पैसे पुन्हा वॉलमार्टच्या गल्ल्यात जायचे! मग फुकटे कोण? कामगार की मालक?

हीच योजना चालवणारे अमेरिकेचे कृषी खाते मोठ्या शेतमालकांनाही अनुदाने वाटते. दोन्हींची तरतूद बहुधा एकाच शेती कायद्यात असते. शेतमालकाला कोणी फुकटा म्हणत नाही. त्याच खात्याने कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्ज देताना भेदभाव केला म्हणून पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये तडजोड करून त्याला भरपाई मान्य करावी लागली. वरच्याला मिळाले तर ते प्रोत्साहन आणि खालच्याला मिळाले तर ती खिरापत, हा न्याय वर्णव्यवस्थेचाच आहे, मग तो कोणत्याही देशात असो.

वकील म्हणून मला या वादातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच वाटतो. एखादी गोष्ट हक्क आहे की मेहेरबानी, हे कसे ओळखावे? कसोटी सोपी आहे. ती काढून घेताना तुम्हाला विचारावे लागते की नाही? २३ मार्च १९७० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ या खटल्यात न्यूयॉर्कमधील गरिबांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची रोख मदत आधी तोडली जाई आणि सुनावणी नंतर होई. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे की, ही मदत दान नव्हे, आणि ती बंद करण्यापूर्वी माणसाला आपली बाजू मांडू दिलीच पाहिजे, कारण ती तुटली तर सुनावणीची वाट पाहत जगायचे साधनच त्याच्याजवळ उरत नाही. पुढे १९७३ मध्ये ‘मोरेनो’ खटल्यात, नात्यात नसलेले लोक एका घरात राहत असतील तर फूड स्टॅम्प नाही, ही अट त्याच न्यायालयाने रद्द केली. सरकारला न आवडणाऱ्या समूहाला त्रास देणे हा कायद्याचा हेतू होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

प्रतिगाम्यांनी हे ओळखले आणि मुळावरच घाव घातला. १९९६ च्या कायद्यात रोख मदत ही कोणाही व्यक्तीचा हक्क नाही असे स्पष्ट लिहिले गेले. फूड स्टॅम्प टिकला, पण त्यालाही अट लागली. धडधाकट, मुलेबाळे नसलेल्या माणसाने महिन्याला ८० तास काम दाखवले नाही, तर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने ही अट ६४ वर्षांच्या वयापर्यंत नेली आणि १४ वर्षांवरील मुलांच्या आईबापांनाही लावली. शिवाय २०२८ च्या आर्थिक वर्षापासून ज्या राज्यांच्या हिशेबात चुका जास्त, त्यांनी खर्चाचा वाटा उचलायचा आहे. २०२४ मध्ये चुकांचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. या चुका म्हणजे चोरी नव्हे. कारकुनाची चूक, कमी दिलेली रक्कम, हे सारे त्यात येते. पण परिणाम काय होईल? प्रत्येक राज्य दंड टाळण्यासाठी गरिबाकडे आणखी कागद मागेल, आणि कागदाअभावी खरा हक्कदार गळेल. भर म्हणून, या कार्डावर सरबते आणि गोड पदार्थ घेऊ नयेत अशा बंदीला २०२५ पासून अनेक राज्यांत मंजुरी मिळाली. आरोग्याची काळजी चांगली आहे. पण पगारदाराच्या पिशवीत कोणी डोकावत नाही, गरिबाच्याच पिशवीत का डोकावतात? २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावर बंदी आली. ताटावर पहारा ठेवण्याची ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे.

आता आपल्या दाराकडे वळू. २००१ मध्ये पीयूसीएल संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून अन्नाच्या योजनांना कायदेशीर हक्काचे रूप आले आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्या कायद्याने माणशी ५ किलो धान्य हा हक्क आहे. तरीही पिशवीवर नेत्याचा फोटो छापून त्याची भेटवस्तू केली गेली. २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी’ शब्द रूढ केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानेच, फुकटच्या योजनांनी आपण परजीवींचा वर्ग तर निर्माण करत नाही ना, असा सवाल केला. तो तोंडी शेरा होता, आदेश नव्हता, आणि न्यायालयाचा आदर राखूनच मी म्हणतो की हा शब्द उच्चारायला नको होता. आईच्या पोटापासून राबणाऱ्या समाजाला परजीवी म्हणणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे आहे. हजारो वर्षे दुसऱ्याच्या श्रमावर कोण जगले, याचे उत्तर या देशात सर्वांना ठाऊक आहे.

शब्दांचा परिणाम कार्डावर होतो. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मेली. आधारशी जोडले नाही म्हणून त्या घराचे रेशनकार्ड रद्द झाले होते. सरकार म्हणाले मलेरिया, आई म्हणाली भूक. त्या आईने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यात देशभर सुमारे ३ कोटी कार्डे रद्द झाल्याचा आरोप आहे. अशा कार्डधारकाला आधी नोटीस आणि सुनावणी का मिळू नये? बँक कर्जबुडव्या उद्योगपतीला नोटिसांवर नोटिसा देते.

म्हणून चळवळीने ‘फुकटे’ या शिवीला लाजून मान खाली घालू नये, आणि फोटोच्या पिशवीसाठी हात जोडूही नयेत. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे, धान्य न मिळाल्यास भत्त्याची तरतूद आहे. किती वस्त्यांत ही माहिती पोहोचली? प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक दिवस रेशनकार्डाच्या तक्रारींसाठी ठेवावा. ज्यांचे कार्ड बंद झाले, नाव वगळले, अंगठा जुळला नाही, त्यांचा लेखी अर्ज तेथेच लिहून द्यावा आणि पोच घ्यावी. लेखी नोटीस आणि सुनावणीशिवाय एकही कार्ड रद्द होता कामा नये, ही मागणी तहसील कचेरीपासून विधिमंडळापर्यंत लावून धरावी. तोंडी विनंतीने मेहेरबानी मिळते, हक्क मिळत नाही. हक्क लेखी मागावा लागतो आणि नाकारला तर कारणही लेखीच मागावे लागते. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी आणि कायदा दिला आहे. तो भाकरीसाठी वापरण्यात कमीपणा कसला?

जय भीम!