वाटाण्याचे रोप आणि उन्हाळी शिबिरे

बडोद्यात सुटीत मुलांची चित्रपट व ॲनिमेशन शिबिरे भरतात, यात नवल नाही. सयाजीरावांच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर आणली. पुढे आगकाड्याही नाचविल्या! सेकंदाला चोवीस चित्रे ही धीराची विद्या आहे. आयते ‘ॲप’ हाती देऊन ती येत नाही. पण आमचा खरा आक्षेप शुल्काला आहे. १९०६ साली ज्या संस्थानाने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेथे ही विद्या ऐपतदारांपुरतीच राहावी काय? २००४ पासून चित्रपट महोत्सव भरविणाऱ्या गोमंतकालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. मे महिन्यात सरकारी शाळांचे वर्ग रिकामेच असतात. एक मोबाईल, एक तिकाटणे आणि चिकाटीचा शिक्षक एवढ्यावर आरंभ करता येईल.