सुरत ते धुळे, व्हाया नवापूर

मंडळी, यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ताप्ती लाइनची गाडी सोडली आणि आमच्या कारनेच धुळ्याला काकांकडे निघालो. सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. डिक्कीत नानखटाईचे डबे, मागच्या सीटवर आई आणि मुलं.

बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडलं आणि नवापूरला मुद्दाम रेल्वे स्टेशनवर थांबलो. हे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात! १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि सीमा स्टेशनातूनच गेली. मुलं दोन राज्यांत एकेक पाय ठेवून उभी राहिली. फोटो झाले.

पुढे कोंडाईबारीचा घाट, साक्री आणि धुळं. दारातच काकूंनी लेकीला अहिराणीत विचारलं, "कशी शे व?" लेक म्हणाली, "मजामां!" सगळे हसले. मी मात्र गप्प झालो. चार वर्षांनी आलो होतो. वडील होते तोवर दर दिवाळीला यायचो, ते गेल्यावर नुसते फोन. चुलत भावंडं एकमेकांना ओळखतही नव्हती.

रात्री शेवभाजी-भाकरी झाली आणि गच्चीवर पोरांची गट्टी जमली. पुतणीने वहीत अहिराणी शब्द लिहून दिले, लेकीने समोर गुजराती अर्थ लिहिले. वही सुरतेला आली आहे.

निघताना काका एवढंच म्हणाले, "आता दिवाळीला." मी हो म्हटलंय. मंडळी, विसरलो तर आठवण करा. आणि तुमचे काकाही वाट बघत असतील, बरं का!