शिट्टी वाजण्यापूर्वीची दोन मिनिटे

पावसाळा ओसरला की शाळा-आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांना रंग चढतो. आशागड, डहाणू, तलासरी या आपल्या पट्ट्यात कबड्डी आणि खो-खो हे घरचे खेळ. बास्केटबॉल अजून पाहुणा आहे. त्याला पक्के मैदान लागते, दहा फुटांवर लोखंडी कडे लागते आणि चेंडूलाही पैसे पडतात. तरीही एखाद्या शाळेच्या आवारात कडे उभे राहिले की पोरेपोरी त्याच्याखाली जमतातच. म्हणून या खेपेस या खेळातील एका लहानशा प्रथेविषयी लिहितो.

सामना सुरू होण्याआधी पंच दोन्ही संघांच्या कर्णधारांना मध्यभागी बोलावतात आणि दोन मिनिटे बोलतात. बाहेर बसलेल्या आईबापांना वाटते, हात मिळवण्याचा उपचार चालला आहे. पण पुढे मैदानात होणारी निम्मी भांडणे त्या दोन मिनिटांत मिटू शकतात. अमेरिकेतील शाळांच्या सामन्यांत तर अशी बैठक घेण्याची रीतच आहे. खेळाडूंचा पोशाख नियमाप्रमाणे आहे ना आणि सर्वजण खिलाडूपणे वागतील ना, याची हमी पंच तिथे प्रशिक्षकांकडून घेतात.

हा खेळ जन्मला तोच मुळी नियमांच्या कागदावर. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने तेरा नियम लिहून काढले, ते टाइप करून व्यायामशाळेत लावले आणि मग पीचच्या फळांच्या टोपल्या टांगून प्रत्येकी नऊ जणांचे दोन संघ खेळवले. खांद्याने ढकलणे, धरून ठेवणे, पाय घालून पाडणे या गोष्टींना तेव्हापासूनच बंदी आहे. आधी नियम सर्वांना कळले, चेंडू त्यानंतर उडाला. हाच क्रम पंच आजही पाळतात.

आता पंच काय बोलतात ते पाहू.

पहिली गोष्ट ओळखीची. कर्णधार कोण, त्याचा क्रमांक कोणता, हे पंच पाहून ठेवतात. खेळ चालू असताना पाचही खेळाडू पंचांभोवती गोळा झाले तर गोंधळ माजतो. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी मैदानावर संघाचा प्रतिनिधी म्हणून कर्णधार ठरवला आहे. चेंडू थांबलेला असताना आणि घड्याळ बंद असताना तो पंचांना सभ्यपणे माहिती विचारू शकतो. एवढेच नव्हे, निकालावर तक्रार नोंदवायची असेल तर गुणपत्रिकेवर सही कर्णधारालाच करावी लागते.

दुसरी गोष्ट अंगावरच्या वस्तूंची. अंगठी, साखळी, कानातले, बांगड्या काढून ठेवायच्या. नखे कापलेली हवीत. गंडेदोरे, कडी यांबाबतही पंच विचारतात, कारण धावत्या खेळात त्यात दुसऱ्याचे बोट अडकते. कबड्डी खेळणाऱ्यांना हे नवे नाही. तिथेही नखे पाहतात आणि अंगाला तेल लावलेले चालत नाही.

तिसरी गोष्ट मैदानाची. मोठ्या शहरातल्या बंदिस्त सभागृहात याला फारसे महत्त्व नसते, पण आपल्याकडे ते फार आहे. कोपऱ्यात ओल आहे, एके ठिकाणी सिमेंट उखडले आहे, कड्यावर झाडाची फांदी आली आहे, रेषा पुसट आहे. फांदीला चेंडू लागला तर काय धरायचे, हे आधी ठरले नाही तर सामन्यात ओरडाआरडा ठरलेलाच.

चौथी गोष्ट वेळेची. पूर्ण सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा असतो. शालेय स्पर्धेत दिवसाकाठी अनेक सामने उरकायचे असतात, म्हणून वेळ कमी करतात. ती किती, घड्याळ कोण पाहणार, बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा डाव खेळवणार की नाही, हे विचारून घ्यावे. कबड्डीत नाणेफेक होते आणि जिंकणारा बाजू किंवा चढाई निवडतो. बास्केटबॉलमध्ये सुरुवातीला चेंडू कोणाचा यासाठी नाणे उडवीत नाहीत. पंच दोन खेळाडूंच्या मध्ये चेंडू उंच फेकतात. पुढे चेंडू दोघांनी घट्ट धरला तर टेबलावरचा बाण पाहून पाळीपाळीने चेंडू देतात. हा बाण नवीन पोरांना ठाऊक नसतो आणि आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटते.

पाचवी गोष्ट वागण्याची. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो बाहेर. एका डावात संघाचे चार फाउल भरले की त्यापुढे बचाव करताना केलेल्या प्रत्येक फाउलला समोरच्यास दोन मुक्त फेका मिळतात. पंचांशी किंवा प्रतिस्पर्ध्याशी अपमानकारक बोलणे हाही फाउलच आहे, त्याला टेक्निकल फाउल म्हणतात.

मी पेशाने कारकून असल्यामुळे अशा स्पर्धांत गुणपत्रिकेच्या टेबलावर मला बसवतात. एकदा एका संघातील दोन मुलींच्या टी-शर्टवर सारखाच आकडा निघाला. शाळेकडे गणवेशाला पैसे नव्हते, मुलींनी घरून मिळेल ते आणले होते. पंचांनी हे त्या दोन मिनिटांतच पाहिले. नववीतली कर्णधार मुलगी क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “सर, चिकटपट्टीने दुसरा आकडा केला तर चालेल का?” पंचांनी समोरच्या कर्णधाराकडे पाहिले. ती म्हणाली, “चालेल सर.” आम्ही टेबलावरची पट्टी दिली, सातच्या आकड्यापुढे एक उभी रेघ चिकटवली आणि सामना सुरू झाला. त्या मुलीने विचारले नसते तर तिची एक खेळाडू बाकावर बसून राहिली असती.

आपल्या मुलांच्या बाबतीत अडते ते इथेच. पळण्यात, उडी मारण्यात ती कमी नाहीत. पण शिट्टीवाल्या साहेबांसमोर तोंड उघडायचे म्हटले की घसा कोरडा पडतो. घरी, कामावर, कचेरीत “गप्प बस” हेच ऐकत आलेल्या घरांतील ही मुले. त्यांना कर्णधारपद मिळणे म्हणजे विचारण्याचा अधिकार मिळणे आहे.

हा अधिकार पूर्वी कसा नाकारला गेला, ते पळवणकर बंधूंच्या इतिहासात दिसते. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे त्या काळचे अव्वल गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्यात क्रिकेट खेळताना मात्र त्यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. गोलंदाजीला ते चालत, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी दिले गेले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले १९२३ साली, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. चेंडू टाकण्यास हात चालतो, पण संघाच्या वतीने बोलण्यास तोंड चालत नाही, असा हा न्याय होता.

नियमच एखाद्याला बाहेर ठेवणारा असला तर काय करावे? त्याचेही उदाहरण बास्केटबॉलमध्ये आहे. जुलै २०१४ मध्ये चीनमधील वुहान येथे आशिया चषकात जपानविरुद्धच्या सामन्यापूर्वी अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या भारतीय खेळाडूंना पंचांनी पगडी काढायला सांगितली. डोक्यावरच्या वस्तूने दुसऱ्याला इजा होऊ शकते, असा तेव्हाचा नियम होता. दोघांना पगडीविना खेळावे लागले. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेतून कतारच्या महिला संघाने डोक्यावरील रुमालाच्या कारणाने माघार घेतली. यावर देशोदेशींच्या लोकांनी आवाज उठवला. अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून ठरावीक अटींवर डोके झाकून खेळण्यास मुभा दिली. मैदानात पंचांशी हुज्जत घालून हे झाले नाही. लेखी मागणी करून, पाठपुरावा करून झाले.

म्हणून पालकांना काही गोष्टी सुचवतो. मुलगा किंवा मुलगी कर्णधार झाली तर आदल्या रात्री तिला जवळ बसवा आणि तिच्याकडून चार प्रश्न म्हणवून घ्या: वेळ किती, बरोबरी झाली तर काय, मैदानावर कोठे अडचण आहे, आणि काही विचारायचे झाल्यास आम्ही केव्हा विचारावे? हे प्रश्न मोठ्याने, पण नम्रपणे विचारता आले पाहिजेत. बाकीच्या मुलांनाही सांगा की पंचांकडे धावत जायचे नाही, आपल्या कर्णधाराला सांगायचे.

आणखी एक महत्त्वाचे. समोरच्या संघातील कोणी जातीवरून किंवा “आदिवासी”, “जंगली” असे हिणवून बोलले तर उलट शिवी देऊ नये आणि मारामारी तर मुळीच करू नये. तसे केले की फाउल आपल्या नावावर चढतो आणि मूळ बोलणारा सुटतो. चेंडू थांबला की कर्णधाराने पंचांकडे जाऊन शब्द जसाच्या तसा सांगावा, बोलणाऱ्याचा क्रमांक सांगावा. आपले प्रशिक्षक गुरुजी बाकावर आहेत, त्यांनाही कळवावे. आणि आपल्या संघातील वारली पोराला आपल्यापैकीच कोणी असे बोलत असेल, तर त्याला थांबवणे हेही कर्णधाराचेच काम आहे.

आईबापांनी मैदानाबाहेरून पंचांना शिव्या घालू नयेत, हे वेगळे सांगायला नको. आपण बाहेर आरडाओरडा केला की आत आपल्या पोरीच्या सभ्य प्रश्नाची किंमत कमी होते.

सामना संपल्यावर गुणपत्रिका कशी वाचावी आणि तक्रारीच्या रकान्यात सही केव्हा करावी, हे पुढच्या लेखात पाहू.