पहिला शब्द आपला

घरापासून शाळेपर्यंतचा तुमचा रस्ता एकदा डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यावर भाजीची गाडी असते. थोडे पुढे गेले की पिठाची गिरणी लागते. शाळेच्या फाटकाजवळ शिपाईकाका उभे असतात. जे एस. टी. ने येतात, त्यांचा पास पाहणारा कंडक्टरही बहुधा ठरलेला असतो. ही सारी माणसे तुम्ही कित्येक महिने रोज पाहत आहात. आता मला सांगा, त्यांपैकी किती जणांची नावे तुम्हांला ठाऊक आहेत?

'एकाचेही नाही,' असेच पुष्कळांचे उत्तर असेल. त्यात नवल नाही. रोज पाहून चेहरा आपोआप ओळखीचा होतो, पण माणसाची ओळख अशी आपोआप होत नाही. ती करून घ्यावी लागते. त्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो आणि थोडे धैर्य लागते. मला वाटते, हे कष्ट घेणे गणित आणि विज्ञानाच्या अभ्यासाइतकेच महत्त्वाचे आहे.

मग आपण बोलत का नाही? आपण मनात म्हणतो, 'ते बोलले तर मी बोलेन.' समोरचा माणूसही मनात तेच म्हणत असतो. दोघेही वाट पाहतात आणि वर्षे निघून जातात. सलाम करायला दुसऱ्याची वाट पाहू नये, असे घरातील वडीलधारी माणसे तुम्हांला सांगतात ना? ओळखीचेही तसेच आहे. पहिला शब्द आपण बोलावा. त्यात कमीपणा नाही.

तुमच्यापैकी काही जणांची अडचण निराळी आहे. 'मला मराठी नीट येत नाही. मी चुकलो तर लोक हसतील,' असे त्यांना वाटते. वर्गात ते मराठीचा धडा वाचतात, पण शाळेच्या बाहेर मराठीचा एक शब्दही बोलत नाहीत. त्यांना मी सांगतो, तुम्ही समजता त्यापेक्षा कितीतरी अधिक मराठी तुम्हांला येते. दुकान, बाजार, शहर, दरवाजा, कागद, जमीन, तारीख, वकील, अर्ज हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो. तुमची कुर्सी मराठीत खुर्ची झाली आणि सियाही शाई झाली. शेकडो वर्षे माणसे एकमेकांशी बोलत आली, एकमेकांशी देवघेव करत आली, म्हणून हे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले.

काही शब्दांचा अर्थ मात्र मराठीत वेगळा आहे. कंडक्टर म्हणाला, 'खाली उतरा,' तर तो बस रिकामी आहे असे सांगत नाही. शेजारच्या काकांनी 'माझी काही हरकत नाही' असे म्हटले, तर त्यांना हालचाल करता येत नाही असे समजू नका. त्यांची संमती आहे. तुमच्याकडे तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीगिरांची व्यायामशाळा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत शिकस्त म्हणजे हार, तर मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे प्रयत्नांत कोणतीही कसर ठेवली नाही. अशा शब्दांत एखाद्या वेळी तुमची फजिती होईल. समोरचा हसेल. तुम्हीही हसा. दोन माणसे एकत्र हसली की अर्धी ओळख तेथेच होते.

दुसऱ्याची भाषा शिकण्याची हौस किती मोठी असू शकते, हे सेतुमाधवराव पगडी यांच्याकडून शिकावे. ते मूळचे मराठवाड्याचे. हैदराबाद संस्थानात ते सरकारी अधिकारी होते. त्यांना उर्दू उत्तम येत होती. उर्दू कवींची ओळख त्यांनी मराठी वाचकांना करून दिली. आदिलाबादच्या जंगल भागात गोंड लोकांमध्ये काम करण्याची वेळ आली, तेव्हा ते गोंडी भाषा शिकले. एवढेच नव्हे, तर त्या भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. दुभाष्यावर त्यांचे काम भागले असते. पण दुभाष्याकडून माणसाचे फक्त म्हणणे कळते, माणूस कळत नाही.

आपल्याला व्याकरण लिहायचे नाही. आपल्याला रोजच्या व्यवहारात दोन वाक्ये बोलायची आहेत. भाजी घेताना नुसते 'पाव किलो द्या' असे न म्हणता 'मावशी, आज उशीर झाला का?' असे विचारा. तुमची खाला तीच मराठीतील मावशी, आईची बहीण! गिरणीवाल्या काकांना त्यांचे गाव विचारा. शेजारच्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत, तर दारात जाऊन त्यांची तब्येत विचारा. आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबा. प्रश्न विचारून मोबाईलकडे पाहू लागणे हे न विचारण्यापेक्षा वाईट. एखाद्याने सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवा. 'तुमच्या मुलीची परीक्षा झाली का?' असे आठ दिवसांनी विचारले, तर त्या माणसाला किती बरे वाटेल!

येथे कोणी म्हणेल, 'याची काय गरज? आमचा मोहल्ला आहे, आमचे नातेवाईक आहेत. बाजारात हिंदीने काम भागते.' हे खरे आहे. सौदा करायला ओळख लागत नाही. पण आयुष्य म्हणजे केवळ सौदा नव्हे. ओळखीची किंमत संकटाच्या वेळी कळते. याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथे १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या. अनेक माणसे प्राणांस मुकली, घरे जळाली. पुढे १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी भिवंडीत आले. त्यांनी तेथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. या कमिट्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही होते. ती त्या त्या वस्तीत राहणारी साधी माणसे होती. ती पोलिसांबरोबर एकत्र बसत आणि वस्तीतील लहानमोठ्या तक्रारींवर बोलत. शांततेच्या दिवसांत, काही विशेष घडलेले नसताना, ही माणसे एकमेकांना भेटत राहिली. या कामात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळच्या मुंबईत दंगली उसळल्या, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

या शांततेत त्या भेटीगाठींचा मोठा वाटा होता, असे मी मानतो. अफवा कशी पसरते, याचा विचार करा. 'पलीकडच्या गल्लीतले लोक चालून येत आहेत,' असे कोणी सांगितले आणि त्या गल्लीत आपल्या ओळखीचे कोणी नसले, तर ते खरे वाटते. पण त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाशी कालच आपण चहा घेतलेला असला, तर आपण आधी त्यालाच विचारतो. एका प्रश्नाने अफवेचा जोर ओसरतो. मात्र तो प्रश्न विचारण्याइतकी ओळख आधी झालेली हवी. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो.

ही जबाबदारी एकट्या तुमची नाही. मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांनीही तुमच्याकडे यायला हवे, तुमच्या भाषेतील चार शब्द शिकायला हवेत. कोणी तुमच्याशी तुटकपणे बोलेल. कोणी उत्तरही देणार नाही. असे झाले तर वाईट वाटते. पण एकाने तोंड फिरवले म्हणून दहा जणांशी बोलणे सोडू नका. कदाचित तो माणूस त्या दिवशी काळजीत असेल. पुन्हा एकदा बोलून पाहा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ओळख वाढवणे म्हणजे कोणावरही डोळे मिटून विश्वास ठेवणे नव्हे. अनोळखी माणसाबरोबर कोठे जाऊ नका, त्याने दिलेली वस्तू घेऊ नका. शेजारी, दुकानदार, शाळेतील कर्मचारी, मैदानावर येणारी दुसऱ्या शाळेची मुले, अशा रोजच्या माणसांपासून आरंभ करा. नवी ओळख झाली की ती घरी सांगा. तुमच्या अम्मी-अब्बांनाही त्या माणसाची माहिती होईल आणि एका ओळखीच्या दोन ओळखी होतील.

मित्रांनो, तुमच्या पुस्तकातील मराठी परीक्षेसाठी आहे, तशीच ती रस्त्यावर बोलण्यासाठीही आहे. उद्या शाळेत येताना फाटकाजवळ क्षणभर थांबा. शिपाईकाकांना त्यांचे नाव विचारा आणि आपले नाव सांगा. परवा त्यांना नावाने हाक मारून 'नमस्कार' म्हणा. मग एखाद्या दिवशी तुम्ही शाळेत आला नाहीत, तर 'तो मुलगा आज का आला नाही?' असे तेच कोणाला तरी विचारतील.