मोठी बॅटरी हा उपाय नव्हे



विजेवर चालणाऱ्या पिकअपची, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या मालवाहू गाडीची, अडचण केवळ पल्ल्याची असून मोठी बॅटरी बसवताच ती दूर होईल, हे मागील अंकातील पत्रातले प्रतिपादन टिकणारे नाही. अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० लाइटनिंगचा १३१ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवरील प्रमाणित पल्ला सुमारे ५१५ किलोमीटर असला, तरी उंच ट्रेलर जोडताच हवेचा अवरोध वाढून तो जवळपास निम्म्यावर येतो. ही घट भरून काढण्यासाठी बॅटरी वाढवावी, तर जीएमसी हमर पिकअपप्रमाणे गाडीचे वजन चार टनांपलीकडे जाते, त्यात एकट्या बॅटरीचा वाटा सुमारे १,३०० किलोंचा असतो, आणि ठरलेल्या कमाल एकूण वजनातून हा भार वजा झाल्यावर मालाच्या वाट्याला उरते ते कमीच. किमतीचे तर विचारूच नये: २०२१ मध्ये चाळीस हजार डॉलरच्या आत जाहीर झालेली लाइटनिंगची प्रारंभिक किंमत मार्च २०२३ पर्यंत साठ हजारांच्या घरात पोचली आणि पुढे ती उतरवावी लागली. बांधकामाच्या जागी अवजारांना वीज पुरवण्याची लाइटनिंगची सोय मात्र खरोखर उपयुक्त आहे. ठरावीक फेऱ्या करून रात्री आगारात चार्ज होणाऱ्या गाड्यांपुरता विजेचा पर्याय व्यवहार्य ठरतो. लांबच्या ओढकामासाठी आज डिझेलच अधिक सोयीचे आहे.